घरपोच एसी दुरुस्ती, बडोदा : काम चोख, पत्रक फसवे

उन्हाळा लागला की बडोद्यात वर्तमानपत्राच्या घडीतून एसी दुरुस्तीची पत्रके येऊ लागतात. दांडिया बाजारात हाती आलेल्या अशाच एका पत्रकावरून मी ज्या सेवेला बोलावले, तिच्याविषयी हे लिहीत आहे. तिचे नाव देत नाही, कारण माझा आक्षेप तिच्या पत्रकाला आहे आणि तशी पत्रके काढणारी ती एकटी नाही.

आधी कामाविषयी. ठरल्या वेळी आलेल्या कारागिराने बाहेरच्या युनिटचे झाकण उघडून कॅपॅसिटर मीटरवर तपासला, तो निकामी झाल्याचे मला दाखवले, नवा बसवला आणि जाण्यापूर्वी आतल्या युनिटच्या जाळ्याही धुऊन दिल्या. गॅस कमी झाल्याचे सांगून दोन-अडीच हजार रुपये सहज काढता आले असते; त्याने तसे केले नाही. भेटशुल्क धरून साडेसहाशे रुपये झाले, ते वाजवी आहेत. नवा कॅपॅसिटर कोणत्या बनावटीचा, हे मात्र बिलात लिहिलेले नाही.

पत्रकावर वरच्या बाजूस चार नामांकित कंपन्यांचे लोगो त्यांच्याच रंगांत आणि त्यांच्याच अक्षरवळणात छापलेले आहेत आणि खाली ठळक ‘सर्व्हिस सेंटर’ असे शब्द आहेत. ‘अधिकृत’ हा शब्द कोठेही नाही, आणि तो अनवधानाने राहिला असेल असे मला वाटत नाही. कारागिराला विचारले तेव्हा ‘काका, आम्ही सगळ्याच कंपन्यांचे काम करतो,’ एवढेच उत्तर मिळाले. बिलावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, कंपनीकडून तक्रार क्रमांकाचा संदेश आला नव्हता, आणि माझा एसी ज्या कंपनीचा आहे तिच्या संकेतस्थळावरील सेवा केंद्रांच्या यादीतही ही सेवा सापडली नाही.

‘अमुक कंपनीचे एसी दुरुस्त करून मिळतील’ असे साध्या अक्षरांत छापण्याला हरकत असण्याचे कारण नाही, कारण कंपनीचे नाव न घेता दुरुस्ती करणाऱ्याला आपला व्यवसाय सांगताच येणार नाही. नेदरलँड्समधील एका गॅरेजवाल्याविरुद्ध बीएमडब्ल्यूने लढवलेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये हाच भेद केला : त्या गाड्या आपण दुरुस्त करतो असे त्याने जाहीर करावे, परंतु कंपनीशी आपला व्यावसायिक संबंध आहे असा समज होऊ देऊ नये. आपल्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चे कलम ३० प्रामाणिक उल्लेखाला मुभा देते. कलम २९(८) मात्र प्रामाणिक व्यापारपद्धती सोडून दुसऱ्याच्या नोंदणीकृत चिन्हाचा जाहिरातीत गैरफायदा घेणे हे उल्लंघन ठरवते. लोगो पाहून ग्राहक दाराशी आलेल्या माणसाला कंपनीचाच माणूस समजतो, आणि माझ्या मते त्या चार लोगोंचा हेतूही तोच आहे.

यात कंपनीपेक्षा ग्राहकाचे नुकसान मोठे होऊ शकते. हल्ली अनेक एसींच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांपर्यंत वॉरंटी असते, आणि बाहेरच्या माणसाने यंत्र उघडल्याचे कारण पुढे करून कंपनी ती नाकारू शकते. माझ्या एसीची वॉरंटी संपलेली असल्यामुळे मला त्याची झळ लागली नाही. ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी पत्रकावरच्या नव्हे, तर वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकावर फोन करावा. अशा पत्रकामुळे फसगत झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

कामाला मी पाचपैकी चार गुण देतो, पत्रकाला एकही नाही. जुन्या एसीसाठी याच कारागिराला पुन्हा बोलावीन, मात्र सुटा भाग कोणत्या बनावटीचा हे बिलात लिहून देण्याची अट आधीच घालीन.