टीबीचा कोर्स संपल्यावर छातीत दुखतंय म्हणून कुठलंही किट मागवू नका, माझे २४,००० गेले

टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स सरकारी दवाखान्यात फुकट झाला आणि बरी झाल्यावर मात्र मी २४,००० रुपये घालवून बसले. लिहायला लाज वाटतेय, पण ते किट विकणाऱ्या लोकांच्या जाहिराती अजून चालूच आहेत.

मला फुफ्फुसाच्या आवरणाचा टीबी होता, पाणी झालं होतं. गोळ्या संपल्या तरी डाव्या बरगडीत दुखायचं, खोल श्वास घेतला की कळ. डॉक्टरांनी एक्सरे बघून "दुखेल थोडे दिवस" एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. घरात लहान मूल, माणूस घाबरणार नाही तर काय?

मोबाईलवर त्यांच्या जाहिरातीचा व्हिडिओ दिसला, त्याखालच्या नंबरवर फोन केला, बाई ताई ताई करत इतकी गोड बोलली. आधी टीबी गोल्ड रक्ततपासणी (टीबीच्या जंतूंशी शरीराचा कधी संबंध आलाय का ते बघणारी), २,८००. पॉझिटिव्ह! "बघा ताई, जंतू अजून आत आहेत, सरकारी गोळ्यांनी नुसते दबले." मग फुफ्फुसशुद्धी किट ८,५००, तरी दुखणं थांबेना म्हणून डबल पॉवरचं १२,७००. ही टेस्ट टीबी बरा झाल्यावरही कितीतरी वर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत असणार.

डबा उघडला तेव्हाच थांबायला हवं होतं. पांढरी बाटली, त्यावर चिकटवलेलं स्टिकर, ना बॅच नंबर ना लायसन्स नंबर, एक्स्पायरीची जागा कोरी. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर गेलेले. आणि त्यांच्या "डॉक्टर"ने माझा एक्सरे एकदाही मागितला नाही, छातीचं दुखणं आणि एक्सरे नको? पण ज्याने सहा महिने ती मळमळ आणि लाल लघवी सोसलीये त्यालाच विचारा, परत तेच सुरू होणार म्हटल्यावर स्टिकर वाचायचं भान कुणाला राहतं.

पोलीस ठाण्यात गेले तर "तुम्हीच पाठवले ना पैसे?" सायबरकडे जा म्हणाले, ते म्हणे हा औषधाचा मामला, औषधवाल्या ऑफिसात गेले तर साहेब मीटिंगला आणि वर पक्कं बिल आणा. फसवणारा पक्कं बिल देतो का हो? टीबी बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, मग ती रोज मोबाईलवर दिसते तेव्हा हे सगळे कुठे असतात? अर्जावर शिक्का मारून दिला, त्यानंतर एक फोन नाही.

पैसे गेले की आधी १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, ठाण्यात नंतर जा, मला हे कुणी सांगितलंच नाही. बाटली, स्क्रीनशॉट काही फेकू नका.

शेवटी छातीविकार ओपीडीतल्या मॅडमनी थुंकी तपासायला पाठवली, निगेटिव्ह, सोनोग्राफीत आवरण जाड होऊन चिकटलेलं दिसलं, म्हणून श्वास घेताना ओढतं. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरचा (श्वास ओढून चेंडू वर उचलायचं साधन) व्यायाम चालू आहे, फरक पडतोय. पण ताप, वजन उतरणं किंवा थुंकीतून रक्त असेल तर एक दिवसही थांबू नका, जुने एक्सरे घेऊन दवाखान्यात जा. टीबीची सरकारी हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, फुकट आहे.