एअर रायफलवरच्या स्कोप रिंगा, मे ते डिसेंबर, रत्नागिरीच्या हवेत

स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण, ती रायफलला धरून ठेवणाऱ्या या रिंगा मे महिन्यात बसवल्या, आता डिसेंबर चालू आहे, मधे आख्खा पावसाळा गेला, आमच्याकडचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या पट्ट्याला पण बुरशी, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. वस्तू हातात आल्याआल्या फाइव्ह स्टार देणाऱ्यांच्या नादाला लागू नका. पहिल्या आठवड्यात सगळ्याच रिंगा चांगल्या असतात.

रायफल साधी .१७७ ची, स्प्रिंगवाली, नळी मोडून छर्रा भरायचा तसली. स्कोप ३-९ बाय ४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिमीचं, एक इंची ट्यूब म्हणजे २५.४ मिमी. आधी टू-पीस म्हणजे दोन सुट्या रिंगा होत्या, मागच्या रिंगेला सरकणं अडवणारी स्टॉप पिन असलेल्या, गणपतीनंतर वन-पीस माउंट घेतला, म्हणजे दोन्ही रिंगा एकाच पट्टीवर. कंपन्यांची नावं देत नाही, कारण सेम माल तीन नावांनी विकला जातो आणि उद्या चौथ्या नावाने येईल. आणि हो, गावात पहिला प्रश्न ठरलेला, माकडांसाठी घेतलीस काय रे? नाही हो. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, आणि छर्‍याने जनावर नुसतं जखमी होऊन तडफडतं. आपलं कागदी टार्गेट, मागे रेतीची गोण, कारण नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर मारलं तर छर्रा उलटा येऊ शकतो. दुसरा प्रश्न स्वप्नील कुसाळेचा, २०२४ ला पॅरिसला त्याने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणल्यापासून सगळ्यांना वाटतं तिथे दुर्बीण लावून मारतात. नाही लावत, ऑलिंपिकच्या रायफलींवर स्कोप चालतच नाही, तिथे मागे डायॉप्टर साइट असते, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचा. स्कोप हा आपला हौसेचा कारभार.

आता मुद्द्याचं. स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का उलटसुलट असतो हे लोकांना सांगूनही पटत नाही. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो, त्या वेळी रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की आख्खी रायफल पुढच्या बाजूला हिसका खाते. हा दुसरा हिसका वाईट. रायफल पुढे जाते, स्कोप आपल्या वजनाने जागेवर राहू बघतो, म्हणजे रेलच्या (रायफलवरची जी पट्टी रिंगा धरते तिच्या) हिशोबाने तो मागे, डोळ्याकडे सरकतो. दारूच्या काडतुसाच्या बंदुकीत उलटं, तिथे बंदूक मागे येते आणि स्कोप पुढे सरकायला बघतो, म्हणून पिकॅटिनी रेलवर, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीवर, रिंगेचा आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला ढकलून मग आवळायचा असं सगळ्या व्हिडिओंत सांगतात. बरोबरच आहे, त्यांच्या बंदुकीसाठी. आपल्या स्प्रिंगरवर तेच केलंत तर मागे मोकळी जागा सोडलीत, प्रत्येक फायरला स्कोप तेवढा मागे यायला मोकळा. आपण मागच्या भिंतीला टेकवायचा. पीसीपीवाल्यांना, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफलवाल्यांना, धक्काच जवळपास नाही, त्यांनी कुठेही टेकवा.

माझ्याकडे पिकॅटिनी नाही, ११ मिमीचा डव्हटेल आहे, म्हणजे दोन्ही कडांना आत वळणारा उतार असलेली रेल, आणि इथेच गंमत आहे कारण ११ मिमी हे नुसतं म्हणायला. व्हर्नियर लावला तर कुणाचा साडेनऊ, कुणाचा साडेअकरा, वर त्या उताराचा कोन पण सगळ्यांचा एक नाही, कुणाचा ४५ अंश तर कुणाचा ६०. कोन जुळला नाही की क्लॅम्पचा जबडा रेलच्या पूर्ण उतारावर न बसता फक्त एका कडेवर बसतो, दिसायला घट्ट, धरायला काही नाही. माझ्या टू-पीसमधली मागची रिंग नीट बसली, पुढची कडेवर. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणाला सर अजून थोडं टाइट करा. हे उत्तर सगळ्या विकणाऱ्यांचं ठरलेलं दिसतं.

टाइट करून काय होतं ते सांगतो. स्क्रू बारीक, बॉडी ॲल्युमिनियमची, आटे पटकन मरतात. त्यात वरच्या टोपीचे, म्हणजे स्कोपवरून बसणाऱ्या रिंगेच्या वरच्या अर्ध्या भागाचे, स्क्रू जास्त पिळले तर स्कोपची ट्यूब चेपते, झूमची रिंग जड फिरायला लागते. टोपीच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन मीटर. एल आकाराच्या एलन कीची लांब बाजू धरून जोर लावला तर हे केव्हाच पार होतं, म्हणून लांब टोक स्क्रूत घालायचं आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवायची. माझा आतेभाऊ सायकलवाला आहे, कार्बनच्या हँडलसाठी त्याच्याकडे छोटा टॉर्क रेंच असतो, तो २ पासून सुरू होतो, तो आणला आणि विषय संपला. खालच्या क्लॅम्पला मात्र माउंटसोबतच्या कागदावर जे असेल तेच.

मग धरतं कोण? पिन. मागच्या रिंगेतून खाली येणारी ती बारीक स्टीलची पिन रेलमधल्या भोकात बसते आणि सगळा हिसका तीच खाते. क्लॅम्पचं काम रिंग वर उचलू न देणं. पिन नीट बसली असेल तर बेताने आवळलेला क्लॅम्प पुरतो, पिन नसेल तर पोपट पाना लावून आवळा, सरकणारच. पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवून मग क्लॅम्प आवळायचा, भोकाच्या मधोमध तरंगत ठेवायची नाही. माझ्या मागच्या रिंगेच्या पायापाशी रेलच्या काळ्या रंगावर एक केसाएवढी चकचकीत रेघ पडलीय, सुरुवातीला पिन भोकात बसून टेकेपर्यंत रिंग जेवढी हलली तेवढीच, त्यानंतर नखभर वाढली नाही. कडेवर बसलेल्या पुढच्या रिंगेने मात्र पावसाळ्यात उजवीकडे कूस बदलली, आणि वीस मीटरवर छर्रे हळूहळू एका बाजूला जायला लागले. स्कोपचा नेम हलवणाऱ्या बटणाचा पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक वीस मीटरवर जेमतेम दीड मिमी हलवतो, तेव्हा क्लिक फिरवून फिरवून माणूस वेडा होतो आणि दोष बिचाऱ्या स्कोपला.

सरकतंय की नाही हे बघायला नेलपॉलिश. बायकोची जुनी लाल बाटली, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर एक बारीक रेघ, आणि मागच्या रिंगेच्या पायाशी रेलवर एक. रेघ तुटली की कळलं.

बसवायच्या आधी नळी मोडून आत छर्रा नाही ना ते बघा, मग रेल आणि रिंगा आतून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नाहीतर स्पिरिटने पुसा, फॅक्टरीचं तेल असतं. निळा लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) मी फक्त क्लॅम्पच्या स्क्रूंना एक थेंब लावतो, लाल अजिबात नको, तो काढायला तापवावं लागतं. ओला असताना तो वंगणासारखं काम करतो, म्हणून तेवढाच टॉर्क दिला तरी पकड जास्त बसते, थोडं कमीच आवळा. ट्यूब आणि रिंगेच्या मधे इन्सुलेशन टेप घालणारे आहेत, मला पटत नाही, उन्हात डिंक वितळतो.

सरळ करायला ॲपबिॲप नको, गवंड्याचा ओळंबा आणा. पडवीच्या वाशाला टांगला, समुद्रावरच्या वाऱ्याने दोरी थरथरते म्हणून खाली वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं, की दोरी गप्प. रायफल आधी पातळीत, मग स्कोपमधली उभी रेघ दोरीवर, मग टोपीचे चारही स्क्रू फुलीसारखे थोडे थोडे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत, एका बाजूने ओढलं की स्कोप डोळ्यादेखत कलतो.

खाऱ्या हवेचं वेगळंच. गंज पहिला रेलला लागत नाही, स्क्रूच्या डोक्यातल्या षटकोनी खड्ड्यात लागतो, तिथे बोटाचा घाम साचतो आणि तेल कुणी घालत नाही. ऑगस्टमध्ये एलन की आत जाईना. आणि स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जिथे शिरतो तिथे पांढरी भुकटी धरली होती, मिरकरवाड्याच्या जेटीवर आउटबोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवली तर बघून म्हणाला, "ही तर आमची रोजची, दोन धातू नि मीठ." त्याने ब्रशने साफ करून दिली, आता खड्ड्यांत मी किंचित ग्रीस भरतो, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि फोमची केस पावसाळ्यात बंदच, फोम ओल धरून ठेवतो.

वन-पीसचं सांगायचं तर दोन्ही रिंगा एकाच पट्टीवर असल्यामुळे पुढची कूस बदलण्याचा प्रकार बंद झाला, क्लॅम्प पण लांब आहे, जबडा घेताना कोन मोजून घेतला. वजन थोडं वाढलं. झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी लागायचं जुळवलेलं सेटिंग, दिवाळीपासून हललेला नाही. दीड हजाराच्या आसपास गेले, टू-पीसच्या दुप्पट, तरी वसूल. स्कोप मात्र स्प्रिंग एअरगनसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, मोठ्या बंदुकीचा महागडा स्कोप सुद्धा पुढच्या हिसक्यासाठी बनलेला नसेल तर आतली भिंगं हलतात, आणि त्यातले बरेचसे १०० यार्डांच्या पॅरलॅक्सचे, म्हणजे तेवढ्या अंतरासाठी जुळवलेले, असतात, अंगणात सगळं धुरकट दिसेल. माझ्यासारखी ब्रेक बॅरल असेल तर वन-पीस डोळे झाकून घ्या, अंडरलिव्हर किंवा साइडलिव्हरवाल्यांनी (नळी न मोडता खालच्या किंवा बाजूच्या दांड्याने ताणायची रायफल) आधी मधली पट्टी छर्रा भरायच्या जागेवर येते का ते मोजा, नाहीतर प्रत्येक छर्‍याला बोटं अडकतील.