पीएलसी आणि टच: एका डब्यात की दोन?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत कुणी नवं एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं स्पेशल पर्पज मशीन) उभं करायला घेतलं की त्याचं कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यासमोर हा प्रश्न हमखास येतो. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) आणि टच स्क्रीन वेगवेगळे घ्यायचे, की दोन्ही पोटात असलेलं एकच युनिट? मी दोन्ही प्रकारची पॅनेलं केली आहेत आणि दोन्ही प्रकारची आज चालू आहेत. त्यामुळे एकाला नावं ठेवून दुसऱ्याची आरती ओवाळणार नाही. कल कुठे आहे ते मात्र कळेलच.

एकत्रवाल्यांत युनिट्रॉनिक्सची व्हिजन, सांबा नि युनिस्ट्रीम, हॉर्नरची ओसीएस, डेल्टाची टीपी. वेगळ्यांत डेल्टा डीव्हीपीला डीओपीचा टच, मित्सुबिशी एफएक्सला गॉट किंवा वेनटेक, बजेट असेल तर सीमेन्स एस७-१२०० ला केटीपी. स्क्रीन किती इंची, इनपुट किती, हे कॅटलॉगात आहेच.

एकत्र युनिटचं खरं सुख प्रोग्रॅम करणाऱ्याला. एकच सॉफ्टवेअर, एकच केबल, एकच डाउनलोड. लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) जे नाव दिलं तेच स्क्रीनवर निवडायचं. वेगळ्यांत सायकल टाइम पीएलसीच्या डी१२० रजिस्टरमध्ये ठेवायचा, टचवर डी१२१ लिहायचं आणि मग अर्धी दुपार डोकं खाजवायचं, असं चालतं. शिवाय दोघांचं आपसात बोलणं जमवावं लागतं. डेल्टाचा कोरा पीएलसी येतो ९६००, ७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट या कम्युनिकेशन सेटिंगवर. टचमध्ये दुसरं काही असेल तर स्क्रीनवर कम्युनिकेशन एरर. सेटिंग जुळलं तरी पीएलसी आणि टच जोडणारी आरएस-४८५ ची केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला चिकटून ट्रंकिंगमधून नेली असेल तर तोच एरर मधूनमधून डोकावतो, आणि मधूनमधून येणारा फॉल्ट म्हणजे मेंटेनन्सवाल्याच्या मागे साडेसाती. एकत्र युनिटला यातलं काहीच नाही. इथे त्याचं पारडं सरळ जड आहे. पॅनेल लहान होतं आणि बिलही थोडं कमी होतं.

माझ्यापुरता निकाल लागला तो पॅनेलच्या दारावर.

स्क्रीन ऑपरेटरसमोर हवी, म्हणजे कटआउट दारात. एकत्र युनिटमध्ये पीएलसी त्या स्क्रीनच्याच पाठीवर. म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर, सिलिंडरची जागा सांगणारे रीड स्विच, सोलेनॉइडचे रिले, सगळ्यांच्या वायरी आतल्या प्लेटवरच्या टर्मिनलपासून बिजागरीवरून दारावर न्याव्या लागतात. मध्यम मशीनला तीस-चाळीस वायरींचा लूम (जुडगा) सहज होतो. स्पायरल गुंडाळला, दोन्ही टोकांना टाय मारले की दिसायला छान दिसतो. वेगळं घेतलं तर दारावरच्या टचला जातं काय? २४ व्होल्टची सप्लाय आणि एक कम्युनिकेशन केबल. बाकी सगळं प्लेटवर, डिन रेलवर, हललं तर भूकंपातच.

सिन्नरकडच्या एका लीक टेस्ट मशीनवर हे नीट बघायला मिळालं. सायकल मध्येच थांबायची. अलार्म एकच: क्लॅम्प पुढे आल्याचा रीड स्विचचा सिग्नल येत नाही. मेंटेनन्सवाला दार उघडून मीटर लावायचा, तर इनपुटवर २४ व्होल्ट व्यवस्थित. दार लावलं की पुन्हा अलार्म. रीड स्विच बदलला, सिलिंडरवरचा कनेक्टर बदलला, संशय प्रोग्रॅमवरही गेला. शेवटी लूमचा स्पायरल सोडून एकेक वायर बोटांत धरून वाकवली तेव्हा बिजागरीच्या वळणावर ०.५ स्क्वेअर मिमीची वायर आतून तुटलेली निघाली. वरचं इन्सुलेशन शाबूत. दार उघडं असताना तांब्याची टोकं एकमेकांना टेकत होती, लावलं की सुटत होती. ज्या स्थितीत तपासायचं त्याच स्थितीत फॉल्ट गायब.

लूप नीट सोडला, बारीक तारांची फ्लेक्सिबल वायर वापरली तर असं होत नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण शिफ्टमध्ये दहादा दार उघडणारा माणूस लूप बघत नाही. दार अडलं की ढकलतो. दुसरा उपाय म्हणजे युनिट दारावर आणि आय/ओ (इनपुट-आउटपुट मॉड्यूल) प्लेटवर रिमोटने. काही मॉडेलना कॅन किंवा इथरनेट नेटवर्कवर तशी सोय आहे. चांगली सोय आहे, फक्त मग कम्युनिकेशन केबल परत आली, वाचलेले पैसेही गेले, आणि एकत्र घेतलं कशासाठी हा प्रश्न उरला.

टच खराब होणं ही दुसरी गोष्ट, पण ती तुम्हाला ठाऊकच असेल. कूलंटची बोटं, कधी स्क्रूड्रायव्हरचं टोक, आणि रेझिस्टिव्ह टचवर सायकल स्टार्टची जागा सगळ्यात आधी मरते. वेगळा टच गेला तर पीएलसी चालूच राहतो, दुसऱ्या कंपनीचा टचही बहुतेक वेळा ड्रायव्हर निवडून चालवता येतो. एकत्र युनिटमध्ये डोळ्यांबरोबर मेंदूही बदलायला काढावा लागतो, आणि तेच मॉडेल हवं. अर्थात हा फायदा कधी, तर स्टार्ट, स्टॉप, ऑटो-मॅन्युअल खऱ्या पुश बटणांवर असतील तेव्हा. बटणांचे पैसे वाचवायला सगळंच टचवर घेतलं असेल तर दोन डबे घेऊनही मशीन उभंच. (इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर घेणाऱ्याशी मी बोलतच नाही.)

राहिलं ते एका सॉफ्टवेअरचं सुख. ते आता एकट्या एकत्र युनिटची मिरास नाही. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये पीएलसी आणि टच वेगळे असूनही एकाच प्रोजेक्टमध्ये बसतात, पीएलसीचा टॅग स्क्रीनवर ओढून टाकता येतो. लायसन्सचे पैसे आणि लॅपटॉपची रॅम मात्र ते मागतं.

मशीन मोबाइलवर दिसायला हवं, ही मागणी हल्ली सगळ्यांची असते, म्हणजे युनिट इंटरनेटला जोडणं आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपाच्या पाणीपुरवठा यंत्रणेत, पंपिंग स्टेशनवरच्या युनिट्रॉनिक्सच्या एकत्र युनिटमध्ये हॅकर घुसले आणि पंप हाताने चालवायची वेळ आली. तिथल्या सरकारी यंत्रणांनी नंतर सगळ्यांना बजावलं ते हेच की ही युनिटं इंटरनेटवर उघडी ठेवू नका आणि कंपनीतून आलेला ११११ हा पासवर्ड बदला. यात एका डब्याचा दोष काढणं बरोबर नाही. उघडं ठेवलं तर वेगळा पीएलसीही तसाच सापडेल.

एकत्र युनिट मी आजही बसवतो. दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला प्रीकूलिंगचं पॅनेल असेल, आठ-दहा पॉइंट (इनपुट-आउटपुट), तापमान आणि पंखे, आणि हंगामभर दार उघडायचं काम नाही, तर दोन डबे मांडणं म्हणजे उगाच खर्च. दार रोज उघडणार, पॉइंट वीसच्या वर जाणार आणि मशीन थांबलं की लाइन थांबणार, अशा ठिकाणी मात्र, माझं ऐकायचं तर, वेगळं घ्या.

वेगळं घेणार असाल तर दोन गोष्टी ऑर्डरमध्येच लिहून घ्या. पीएलसी आणि टच, दोन्हींचे मूळ प्रोजेक्ट कॉमेंट आणि पासवर्डसकट ताब्यात हवेत, कारण टचमधून परत वाचून घेतलेली फाईल दर वेळी बदलता येईलच असं नाही. आणि जॉबनिहाय सेटिंग टचच्या मेमरीत नव्हे, पीएलसीच्या रिटेंटिव्ह (वीज गेली तरी आकडे जपणाऱ्या) रजिस्टरमध्ये ठेवायला सांगा, नाहीतर टच बदलला त्या दिवशी सगळ्या जॉबचे आकडे नव्याने भरत बसावं लागेल.