डोंगलवाला कीबोर्ड की ब्लूटूथवाला?

कळा कशा दबतात, खडखडाट किती होतो, उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग हवा की नको, हे ज्याच्या त्याच्या बोटांवर सोडतो. वायरलेस कीबोर्ड घेताना आधी एकच ठरवावं असं मला वाटतं: जोडणी डोंगलची (म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरची) की ब्लूटूथची? रोजच्या कामाला मी दोन्ही वापरलेत. दोन्हींवर काम होतं. तरी आज टेबलावर डोंगलवाला आहे आणि त्याचं कारण तसं क्षुल्लकच आहे.

आधी ब्लूटूथचं चांगलं ते सांगतो. काही लॅपटॉपना मोजकीच पोर्ट असतात, तीही टाइप-सी; तिथे डोंगल खुपसायला जागाच नसते. ब्लूटूथला पोर्ट लागतच नाही. शिवाय बरेच ब्लूटूथ कीबोर्ड तीन उपकरणं लक्षात ठेवतात. एक बटण दाबलं की लॅपटॉप, दुसरं दाबलं की टॅब्लेट, तिसरं दाबलं की फोन. फोनवर लांबलचक उत्तर लिहायची वेळ आली की ही सोय मला अजून आठवते.

आता ते कारण. थोडा वेळ हात लागला नाही की सेल वाचवण्यासाठी ब्लूटूथ कीबोर्ड झोपतो आणि कॉम्प्युटरशी असलेली जोडणी सोडून देतो. मग कळ दाबली की आधी जोडणी, नंतर अक्षरं. सेकंद-दोन सेकंदांचाच मामला. सलग टायपणाऱ्याला हे जाणवणारही नाही. माझं काम मात्र वाचायचं जास्त आणि लिहायचं मधूनमधून. पान वाचून होतं, काही सुचतं, हात कीबोर्डवर जातात आणि स्क्रीनवर ‘नमस्कार’ऐवजी नुसतं ‘स्कार’ उमटतं. पासवर्डच्या चौकटीत तर आणखी पंचाईत. तिथे नुसते ठिपके, त्यातले पहिले दोन गळाले हे कळणार कसं? वर पासवर्ड चुकल्याची दटावणी. शेवटी मी आधी शिफ्ट दाबून त्याला जागं करायला लागलो. त्यातही गंमत अशी की घाईत शिफ्ट पाचदा दाबला गेला की विंडोज ‘स्टिकी कीज’ सुरू करायच्या का, असं विचारत मध्ये येतं.

सगळेच ब्लूटूथ कीबोर्ड असे असतील असं नाही. काही मॉडेलं दाबलेली अक्षरं धरून ठेवतात आणि जोडणी झाली की एकदम ओततात. डोंगलवालेही झोपतात, पण डोंगल सतत कान लावून बसलेलं असतं, त्यामुळे माझ्या अनुभवात पहिलं अक्षर सहसा गळत नाही. मोजमाप मी काही केलेलं नाही. पण शिफ्ट बडवायची सवय सुटली, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज वगैरे सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरायचं असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा कामाचा नाही, कारण तोवर ब्लूटूथ सुरूच झालेलं नसतं. डोंगलवाला तिथे साध्या यूएसबी कीबोर्डसारखा ओळखला जातो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल तर ब्लूटूथची आणखी एक कटकट असते: एकीकडे पेअर केलं, म्हणजे कीबोर्डची ओळख करून दिली, की दुसरीकडची जोडणी तुटते, कारण प्रत्येक पेअरिंगला नवी किल्ली (दोघांतला गुप्त संकेत) तयार होते आणि दुसरीकडे जुनीच राहते.

डोंगलची दुखणीही आहेतच. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि वायरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतं. शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावली की कळा अडखळायला लागल्या तर कीबोर्डला दोष देऊ नका. हातभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल तिथून दूर न्या. सुरक्षेचं म्हणाल, तर २०१६ मध्ये ‘माउसजॅक’ नावाने जी त्रुटी उघडकीस आली, ती डोंगलवाल्याच माउस-कीबोर्डांमधली होती. त्यामुळे फार जुना किंवा बिननावाचा डोंगलवाला मी घेणार नाही. आणि डोंगल हरवलं तर? पुष्कळ कीबोर्डांना दुसरं डोंगल जोडताच येत नाही. लॉजिटेकच्या बोल्टसारखी काही डोंगल वेगळी मिळतात, पण विकत घेण्याआधी हे विचारून घ्या. डोंगल ठेवायला कीबोर्डच्या पोटात खाच आहे का, तेही बघा.

दिवसभर टॅब्लेट आणि फोनमध्ये उड्या मारणाऱ्याने माझं ऐकू नये, त्याला ब्लूटूथच बरं. एका टेबलावर एकच मशीन असेल तर मी डोंगलकडे झुकेन. हल्ली दोन्ही जोडण्या असलेले कीबोर्डही मिळतात, बाजूला छोटा खटका असतो. जमत असेल तर तसाच घ्या आणि खटका डोंगलवर ठेवा. ब्लूटूथवालाच घ्यायचा असेल, तर ओळखीच्या कुणाकडे तो असल्यास अर्धा तास न शिवता पडू द्या आणि मग सरळ आपलं नाव टायपा. पूर्ण उमटलं तर खुशाल घ्या.