पद्मिनीचं इंजिन: नवा डुप्लिकेट पार्ट की जुनाच दुरुस्त करून?

प्रीमिअर पद्मिनी या जुन्या मोटारीचे पार्ट आता मिळत नाहीत, ही तक्रार मला फारशी पटत नाही. इटलीत फियाटची 1100 डी 1966 साली थांबली, पण कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात तीच गाडी 1089 सीसीच्या इंजिनासह पुढे नव्वदच्या दशकातही बनत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांनी तर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून जाईपर्यंत सुट्या भागांची मागणी टिकवून धरली. त्यामुळे मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून धीर धरून फिरलं, की हवं ते बहुतेक सापडतं. अडतं ते निवडताना. नव्याने पाडलेला, चकचकीत खोक्यातला डुप्लिकेट घ्यायचा, की आपल्याच इंजिनातला झिजलेला पार्ट टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, नेऊन उभा करायचा?

रबराच्या बाबतीत विचारही करू नका, नवंच घ्या. ऑइल सील, होज पाइप, पॅकिंग यांत ‘कंपनीचा जुना माल’ म्हणून जे जपून ठेवलेलं असतं, ते खोक्यात पडून पडून कडक झालेलं असतं. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या डायफ्रामबद्दल, म्हणजे आतल्या रबरी पडद्याबद्दल, तर मी हट्टी आहे. आताच्या ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलपुढे त्या काळचं रबर टिकत नाही. इथे जुन्या अस्सल मालाचं कौतुक महागात पडतं. फक्त नवा डायफ्राम इथेनॉलला चालणारा आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या.

पिस्टन-रिंगा, बेअरिंगच्या शेल यांतही नव्याला पर्याय नाही, कारण बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक, वाढवला की जुन्याचा उपयोग संपतो. पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला सांगा. खोक्यावरच्या साइजवर टर्नर विश्वास ठेवत नाही आणि ते बरोबरच आहे. चारही पिस्टन सारख्या वजनाचे आहेत का, हे बघायला आधी काट्यावर चढवा. मी ओळखीच्या सराफाकडे नेले होते. तो हसला, पण वजनात फरक निघाला तो निघालाच.

इथपर्यंत नव्याचं पारडं जड वाटेल. माझंही मत तसंच होत होतं, वॉटर पंप बसवेपर्यंत.

नवा पंप दिसायला देखणा होता. भोकं जुळली, पॅकिंग बसलं, पाणी कुठे गळलं नाही. पण पंपाच्या शाफ्टवर दाबून बसवलेला हब, ज्यावर पुली बसते तो, जुन्यापेक्षा किंचित पुढे होता. पट्टी लावून बघितल्याशिवाय कळू नये, इतकाच. क्रँकची पुली, डायनॅमोची पुली आणि पंपाची पुली एका रेषेत नसली की फॅन बेल्ट तिरका चालतो. सकाळी गाडी थंड असताना चालू केली की सगळ्या सोसायटीला कळेल अशी किंचाळी. थोड्या वेळाने आवाज बंद, पण टायमिंग कव्हरवर बेल्टची काळी पूड साचलेली. पंखाही त्याच हबवर, म्हणजे तो रेडिएटरच्या तितकाच जवळ सरकलेला.

डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली वॉशर घालून पाहिले. पण क्रँकची पुली आहे तिथेच असते, मग दोन जुळल्या तरी तिसरी नाहीच. हब प्रेसवर आत ढकलावा, तर शाफ्ट सरकून आतला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, बॉडीला घासायची भीती. दुकानदाराचं म्हणणं एकच: बसतंय की! बसत होतं, हे खरं आहे.

शेवटी जुन्या पंपाची बॉडी साफ केली, आत नवं बेअरिंग आणि नवं सील टाकून घेतलं, हब मूळ मापावर बसवला. आवाज गेला. तेव्हापासून जे ओतीव आहे, ज्याच्या मापावर दुसरं काही टेकतं, ते शक्यतो जुनं ठेवावं, अशा मताचा मी झालो. सगळेच नवे पंप असे असतील, असा दावा नाही. एखाद्याला बरा मिळतही असेल.

जुन्याचेही ताप आहेत. टर्नरकडचा ‘उद्या’ कधी उगवेल, सांगता येत नाही. शिवाय भंगारातून इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणाल, तर ते बरेचदा टॅक्सीचं असतं आणि टॅक्सी सीएनजीवर पळालेली असते. व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा, आत गेलेल्या आहेत का, ते आधी बघा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेलं असेल, तर ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असतात. अनेकदा प्लेन मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून, हेड पातळ झालेलं असेल, तर तेही सोडून द्या. अशा वेळी, नवं हेड हाती लागलं तर, मीसुद्धा नव्याकडेच वळेन.

गणपतीला गाडी गावी न्यायची असेल आणि वेळ नसेल, तर नवा पंप लावून निघायला माझी हरकत नाही, एक जादा बेल्ट डिकीत ठेवा म्हणजे झालं. पण घाई नसेल, तर जुना पंप टर्नरकडे देताना एक करा: हब उपसण्याआधी बॉडीच्या तोंडापासून हबच्या कडेपर्यंतचं माप व्हर्नियरने घ्या आणि मार्करने बॉडीवरच लिहून द्या. कागदावर लिहून दिलेलं माप त्या दुकानात ऑइल पुसायला जातं.