‘झेल्डा’ मालिकेतील रुपी : थैलीत मावेल तेवढेच मोल

पहिल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेममध्ये नायक लिंकच्या धनुष्यातून बाण सुटला, की पडद्याच्या वरच्या पट्टीतील रुपींचा, म्हणजे गेममधील चलनाचा, आकडा एकाने उतरतो. बाण शत्रूला लागो अथवा भिंतीवर आदळो, गेलेली रुपी परत येत नाही. धनुष्य पहिल्याच डन्जनमध्ये, म्हणजे शत्रूंनी आणि कोड्यांनी भरलेल्या भुयारात, सापडते, बाण मात्र दुकानातून ८० रुपी मोजून घ्यावे लागतात, आणि ते एकदा घेतल्यानंतरही पुढचा प्रत्येक बाण थैलीतील पैशांवरच चालतो. खिसा रिकामा झाला, की धनुष्य नुसते ओझे होऊन बसते. १९८६ साली आलेल्या या गेममध्ये पैसा आणि शस्त्र यांचा इतका थेट संबंध जोडलेला आहे, की चलनाचे परीक्षण करायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

त्या थैलीत जास्तीत जास्त २५५ रुपी मावतात. एका बाइटमध्ये बसणारा हा सर्वांत मोठा आकडा आहे, पण तांत्रिक मर्यादेतून आलेल्या या आकड्याचा गेममध्ये फार नेमका उपयोग करून घेतला आहे. अंगावर बसणारा मार निम्म्यावर आणणारी निळी अंगठी अरमॉसच्या एका पुतळ्याखाली दडलेल्या दुकानात मिळते आणि तिची किंमत २५० रुपी आहे. म्हणजे ती घ्यायची तर थैली जवळजवळ काठोकाठ भरावी लागते, दुकानापर्यंतच्या वाटेवर बाण सोडण्याचा मोह आवरावा लागतो, आणि पैसे मोजून बाहेर पडल्यावर खिशात चिल्लर उरलेली असते. पण लिंकच्या अंगावरील पोशाखाचा रंग बदललेला असतो आणि पुढच्या लढाईत फरक लगेच कळतो. याच गेममध्ये भिंत फोडून गुहेत शिरलेल्या लिंककडून आत बसलेला म्हातारा दरवाजाच्या दुरुस्तीचा खर्च म्हणून २० रुपी वसूल करतो, तर दुसऱ्या एखाद्या गुहेतील मॉब्लिन हा राक्षस गुपचूप पैसे देऊन मोकळा होतो. कमाई आणि भुर्दंड यांची ही सरमिसळ मला अतिशय आवडते.

रुपी हे चलन दिसायला नाणे नसून लांबट, षटकोनी रत्न आहे. जपानी लिपीत तिचे नाव जसे लिहितात तसेच भारतीय रुपयाचेही लिहितात, त्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला हा शब्द पहिल्यापासून ओळखीचा वाटतो. रंगावरून किंमत ठरते: १९९१ सालच्या ‘अ लिंक टू द पास्ट’पासून हिरवी एक, निळी पाच आणि लाल वीस हा हिशेब पक्का झाला, आणि त्यावरील जांभळ्या, रुपेरी, सोनेरी रुपींची किंमत गेमनुसार थोडीफार बदलत राहिली. आकडा न वाचता, धावता धावता, गवतातून उडालेल्या रंगावरूनच किती मिळाले हे कळते. चलनाची इतकी सुटसुटीत रचना मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेली नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. मुख्य मालिकेत खरे पैसे भरून रुपी विकत घेण्याची सोय नाही. जे काही थैलीत येते ते खेळूनच येते.

रुपीचे मोल ती किती सहज मिळते यावर ठरत नाही, ती देताना हात किती अडखळतो यावर ठरते, असे माझे मत आहे. या कसोटीवर १९९३ सालचा ‘लिंक्स अवेकनिंग’ फार वर जातो. कोहोलिंट बेटावरील गावच्या दुकानात धनुष्याची किंमत ९८० रुपी आहे आणि थैलीची मर्यादा ९९९ आहे. पहिल्या गेममधील निळ्या अंगठीचाच हा डाव, फक्त आकडे मोठे. पण इथे दुसराही एक रस्ता आहे. वस्तू हातात उचलून दुकानदाराभोवती फिरत राहिले, तर त्याची नजर लिंकच्या मागोमाग वळत राहते. ती वळण्याआधी दार गाठता आले, तर पैसे न देता बाहेर पडता येते. मात्र त्यानंतर गेममधील माणसे लिंकला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत, ‘चोर’ म्हणतात, आणि पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकले तर दुकानदार त्याला जागच्या जागी ठार करतो. ९८० रुपी साठवण्याचा कंटाळा आलेल्या खेळाडूला मोह पडावा, आणि त्या मोहाची किंमत त्याने शेवटपर्यंत मोजावी, अशी ही योजना आहे. एका लहानशा दुकानातून चलनाला इतका अर्थ मिळतो, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटते.

याउलट १९९८ सालचा ‘ओकारिना ऑफ टाइम’. गेम म्हणून तो माझ्या फार जवळचा आहे, पण त्यातील अर्थव्यवहार लंगडा आहे हे मान्य केलेच पाहिजे. सुरुवात उत्तम होते. थैलीत केवळ ९९ रुपी मावतात, कोकिरी गावात लाकडी ढालीसाठी ४० रुपी जमवताना गवताची पाती आणि दगड पालथे घालावे लागतात, आणि प्रत्येक निळी रुपी मोलाची वाटते. जादूचे बी विकणारा पहिल्या बीचे दहा घेतो, दुसऱ्याचे वीस, आणि असे चढत चढत दहाव्या बीचे शंभर. पण लिंक मोठा झाल्यावर हा सगळा ताण विरून जातो. आगीपासून वाचवणारा गोरॉन या डोंगरी जमातीचा पोशाख दुकानात २०० रुपींना आहे, पाण्याखाली श्वास घेऊ देणारा झोरा या जलवासी जमातीचा ३०० रुपींना, आणि हे दोन्ही कथेच्या ओघात फुकटही मिळतात. शंभर सोनेरी स्कलटुला कोळी मारून आणणाऱ्याला जे बक्षीस मिळते ती २०० रुपींची एक मोठी रुपी असते. ज्याने हायरूल राज्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळला आहे, त्याच्याजवळ तोपर्यंत पैसे खर्चण्यासारखे काहीच उरलेले नसते. बक्षीस घेण्याचा तो क्षण आनंदाचा व्हायला हवा होता, आणि तो तसा होत नाही, याची मला खंत वाटते.

हीच दुखरी जागा पुढच्या गेमने ओळखली, असे वाटते. २००० साली आलेल्या ‘मेजोराज मास्क’मध्ये तीन दिवसांचे कालचक्र आहे, लिंक काळ मागे नेतो तेव्हा बाण, बॉम्ब आणि थैलीतील सगळ्या रुपी नाहीशा होतात. वाचतात त्या फक्त बँकेत ठेवलेल्या. क्लॉक टाउनमधील बँकर पैसे घेतो, लिंकवर न पुसणारा शिक्का उमटवतो, आणि नव्या चक्रात त्याच खिडकीपाशी गेले की लिंक त्याच्यासाठी पूर्ण अनोळखी असतो. तो शिक्का पाहतो, त्यावरून नाव आणि शिल्लक वाचतो, आणि मग त्याचा सूर बदलतो. ज्या गावात कुणालाही लिंकने काल केलेली मदत आठवत नाही, तिथे त्याच्या कष्टाची खूण एका बँकेच्या शिक्क्यात टिकून राहते, ही कल्पना मला संपूर्ण मालिकेतील सर्वांत हृद्य कल्पनांपैकी एक वाटते. शिवाय बचतीला फळही आहे. २०० रुपी जमल्या की मोठी थैली मिळते, ५,००० जमल्या की लिंकचे आयुष्य वाढवणारा हृदयाचा एक तुकडा. सर्वांत मोठ्या थैलीतही ५०० रुपीच मावत असल्यामुळे त्या ५,०००साठी खिडकीशी किमान दहा खेपा घालाव्या लागतात, आणि मला त्या खेपांचा कधी कंटाळा आला नाही. शहरात रोज उभा राहणारा हा व्यवहार गेमच्या मूळ कथेशी एकजीव झालेला आहे.

त्यानंतरच्या दोन मोठ्या गेमबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘द विंड वेकर’मध्ये ट्रायफोर्स या दैवी त्रिकोणाच्या तुकड्यांचे नकाशे उलगडून देण्याचे टिंगल नावाचा माणूस प्रत्येकी ३९८ रुपी घेतो, आणि मूळ आवृत्तीत असे आठ नकाशे होते, म्हणजे कथा पुढे सरकवण्यासाठीच ३,१८४ रुपी लागत. ही किंमत निवडीतून आलेली नाही, ती अडवणुकीतून आलेली आहे; २०१३ सालच्या सुधारित आवृत्तीत नकाशांची संख्या तीनवर आणली गेली, हे योग्यच झाले. २००६ सालच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये थैली भरलेली असताना पेटीत रुपी सापडली, तर लिंक ती परत पेटीत ठेवून देतो. डन्जनच्या टोकाशी, कोडे सोडवून उघडलेल्या पेटीसमोर हे घडते तेव्हा रुपीबद्दलची उरलीसुरली ओढही संपते. गेम नव्याने सुरू केल्यावर निळी रुपी पाच रुपींची असते हे दर वेळी पुन्हा समजावून सांगणेही नकोसे होते. त्या गेमचा जादूचे चिलखत हा भाग मात्र चांगला आहे: ते अंगावर असेपर्यंत रुपी खात राहते, आणि थैली रिकामी झाली की जड होऊन बसते. पहिल्या गेममधील बाणांची आठवण तिथे पुन्हा जागी होते.

२०१३ सालच्या ‘अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स’ने भाड्याची पद्धत आणली, आणि ती मला मनापासून पटली. राविओ नावाचा व्यापारी लिंकच्याच घरात दुकान थाटतो आणि हुकशॉट, बॉम्ब, धनुष्य अशी हत्यारे भाड्याने देतो. लिंक मेला, की राविओचा पक्षी येऊन भाड्याच्या वस्तू घेऊन जातो. कायमची विकत घेण्याची किंमत भाड्याच्या अनेक पट असते आणि विकत घेतलेल्या वस्तूच पुढे सुधारून मिळतात, त्यामुळे स्वतःच्या कौशल्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक डन्जनच्या दारात थैलीकडे पाहून सोडवावा लागतो.

२०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये थैलीची मर्यादा व्यवहारात संपली आणि तरीही रुपी पूर्वीपेक्षा दुर्मीळ झाली. गवत कापून पैसे मिळण्याचे दिवस गेले, शत्रू मेला तर शिंगे आणि दात मागे राहतात. पैसा येतो तो विक्रीतून. डोंगरातील खनिजाचे खडक फोडायचे, निघालेली रत्ने, शिजवलेले पदार्थ किंवा शिकार घेऊन एखाद्या दुकानदाराशी अथवा पाठीवर भलेमोठे ओझे घेतलेल्या बीडल या फिरत्या व्यापाऱ्याशी सौदा करायचा. एका हिऱ्याचे ५०० रुपी मिळतात, पण चॅम्पियन म्हणवल्या जाणाऱ्या वीरांची तुटलेली शस्त्रे पुन्हा घडवून घ्यायलाही हिराच लागतो. विक्रीच्या यादीत त्या हिऱ्यावर आणून ठेवलेला कर्सर मी कितीतरी वेळा मागे घेतला आहे. गोरॉन शहरातील रमेला तर दहाच्या हिशेबाने रत्ने घेते आणि नेहमीपेक्षा चढा भाव देते, म्हणून नऊ माणके हाती असलेला खेळाडू दहाव्यासाठी पुन्हा डोंगर चढतो. हाटेनो गावातील घरासाठी ३,००० रुपी आणि लाकडाच्या तीस मोळ्या लागतात. चिलखत सुधारून देणाऱ्या चार महापऱ्यांचे झरे जागवण्याचा खर्च १००, ५००, १,००० आणि शेवटी १०,००० रुपी असा चढत जातो. त्या शेवटच्या आकड्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ त्याचा पाचवा हिस्साही नव्हता, आणि त्यानंतरचे दोन आठवडे मी हिवाळी हेब्रा डोंगरात खनिज शोधण्यात आनंदाने घालवले.

हाटेनोमधील शिंगांच्या मूर्तीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. ती लिंककडून हृदय (आयुष्य) किंवा दम (धावण्या-चढण्याची ताकद) १०० रुपींना घेते आणि १२० रुपींना परत देते. मत बदलण्याची किंमत वीस रुपी, आणि ती अगदी रास्त वाटते. २०२३ सालच्या ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ने यात चांगली भर घातली: चिलखत सुधारताना आता सामानाबरोबर रुपीही द्याव्या लागतात, म्हणून शंभर तास खेळून झाल्यावरही पैशाची गरज भासत राहते. भूगर्भातील पो नावाचे वेगळे चलन मात्र मला तितके रुचले नाही, कारण ते मिळवताना कसला निर्णय घ्यावा लागत नाही, वाटेत दिसेल ते उचलत जायचे एवढेच.

रुपीचा व्यवहार सर्वांत चांगला कुठे जमला आहे, असे मला विचारले तर मी ‘मेजोराज मास्क’ला पाचपैकी पाच गुण देईन आणि ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला साडेचार, ‘ओकारिना’ला तीन, आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ला दोनच. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘मेजोराज मास्क’ घ्यावा, पहिल्याच दिवशी पश्चिम क्लॉक टाउनमधील बँकेची खिडकी पाहून ठेवावी, आणि तिसऱ्या रात्री काळ मागे नेण्याआधी थैलीतील शेवटची हिरवी रुपीसुद्धा तिथे जमा करावी.