गर्भाशयाच्या अस्तरासाठी ‘स्टेम सेल’ उपचार : पैसे भरण्याआधी हे वाचा

‘अस्तर पातळ आहे, गर्भ रुजणार नाही’ असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्या सगळ्या जणींसाठी हे लिहितेय. मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात) जाग्या करतो म्हणून एका केंद्राने माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि दर महिन्याला आपसूक होणारी वाढ उपचाराचा गुण म्हणून दाखवली.

पहिली सोनोग्राफी त्यांनी पाळीच्या चौथ्या दिवशी केली. अस्तर ३.५ मि.मी. मग इंजेक्शनं. बाराव्या दिवशी पुन्हा मोजलं, ६ मि.मी. दोन्ही चित्रं शेजारी चिकटवून, मध्ये लाल बाण काढून फाईल हातात दिली. पाळीचा कितवा दिवस, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरी जुने रिपोर्ट काढले. उपचाराच्या कितीतरी आधी, बाराव्याच दिवशी, माझ्या डॉक्टरांनी मोजलेलं अस्तर ६ मि.मी.च होतं! तसूभरही फरक नाही.

पाळीत अस्तराचा वरचा थर गळतो, तळाचा राहतो. मूलपेशी मुख्यतः या तळाच्या थरात असतात. बीजकोशातून इस्ट्रोजेन वाढू लागलं की तिथूनच नवा थर भरून येतो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ही वाढ आवरतं आणि अस्तर गर्भासाठी तयार करतं. म्हणजे चौथ्या आणि बाराव्या दिवसाची तुलना केली, तर काहीही न घेता वाढ दिसणारच.

रक्त तपासून ‘तुमच्या मूलपेशी सुप्त आहेत’ असा आकडाही त्यांनी दिला होता. सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. माणसाच्या अस्तरात अशा पेशी असल्याचा पहिला ठोस पुरावा २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोलिन गार्गेट यांच्या गटाने दिला, तोही शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयांच्या ऊतींमधून. हातातून काढलेल्या रक्तात गर्भाशयाच्या तळातल्या पेशींची मोजदाद कशी होणार?

संशोधन खोटं नाही. क्युरेटिंगमध्ये तळाचा थर खरवडला जाऊन गर्भाशय आतून चिकटलेल्या बायकांवर मूलपेशींचे प्रयोग झाले आहेत. पण प्रयोग म्हटला की त्याची नोंदणी असते, नैतिक समितीची परवानगी असते. तो नोंदणी क्रमांक मागा. आणि दोन मापं दाखवली, तर दोन्हींचा पाळीचा दिवस लिहून घ्या.

मी क्रमांक मागितला तेव्हापासून त्यांनी फोन उचलणं बंद केलंय. पैसे परत मिळालेले नाहीत. तिन्ही रिपोर्ट जोडून लेखी तक्रार दिली आहे.